किल्ली दोघांकडे ठेवा: स्वमदत गट चालवणाऱ्या एका पेशंटकडून

महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी तीन वाजता कराडातल्या एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही दहा-बारा जण गोल करून बसतो. कुणाला स्किझोफ्रेनिया आहे, कुणाला बायपोलर, म्हणजे मन कधी भलत्या तेजीत, कधी उदासीत जातं, दोघांना फिट्स येतात, एकाला ओसीडी आहे, म्हणजे तेच ते विचार आणि त्याच त्या कृती सुटत नाहीत. डॉक्टर नसतो, समुपदेशक नसतो. मी एका सहकारी बँकेत कारकून आहे. चोविसाव्या वर्षी मला बायपोलर असल्याचं निदान झालं आणि तेव्हापासून लिथियमची गोळी चालू आहे. बँकेला दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी, म्हणून बैठकही त्याच दिवशी. गटाला नाव नाही. वहीवर ‘शनिवार’ एवढंच लिहिलंय.

अधूनमधून कुणाचा तरी फोन येतो, आमच्याकडे असं काही काढायचं तर काय लागतं? उत्तर फोनवर मावत नाही, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी एखादी चालू बैठक बघून या. आपल्याकडे पुण्याला जाणं सोपं. तिथली ‘सा’, म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, सुरू केली जगन्नाथ वाणी यांनी. ते कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला हा आजार, त्यामुळे घरात काय होतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या, लोकांसाठी पुण्यातच ‘संवेदना’ आहे. ती काढणाऱ्या यशोदा वाकणकर यांनी स्वतः हा आजार सोसलाय. पार्किन्सन्स मित्रमंडळही तिथलंच. पेशंटला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ हे शब्द मी पुण्यातच पहिल्यांदा ऐकले. आमच्याकडे ते रुजले नाहीत. आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, “मला पेशंटच म्हणा, शुभार्थी म्हटलं की कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखं वाटतं.” तुम्हाला आवडले तर जरूर वापरा.

बघायला गेलात की एक गोष्ट नीट बघा: बैठक कोण चालवतंय? डॉक्टर, नातेवाईक की पेशंट? तिन्ही प्रकार लागतात, पण तिसऱ्याची जात वेगळी. दारू सोडणाऱ्यांच्या ‘एए’ची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात झाली, ती एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांच्या भेटीतून. दोघेही दारुडे. दलालाची दारू नुकतीच सुटलेली, गाव परकं, धंद्याचं काम फसलेलं, पुन्हा प्यायची इच्छा होत होती. त्याने त्या डॉक्टरला गाठलं ते मुळात स्वतःला सावरायला. गटाचं इंजिन हेच आहे. मी शनिवारी जातो तो माझ्यासाठी. समाजसेवेची हौस असेल तर दुसरं पुष्कळ काम पडलंय.

आता जागा. दवाखान्यात नको, तिथे खुर्चीत बसल्याबरोबर माणूस पेशंटसारखं बोलायला लागतो. देवळात नको, कुणाला पाळीची अडचण, कुणाचा धर्म वेगळा, आणि शेवटी कुणीतरी अंगाऱ्यावर येतंच. कुणाच्या घरी तर नकोच. वाचनालय, शाळेचा वर्ग, पेन्शनरांच्या संघाची खोली, जिथे येणाऱ्याला ‘कशाला आलात?’ असं कुणी विचारत नाही, अशी जागा शोधा. आमचा जिना बाहेरून आहे. त्या जिन्यामुळेच निम्मे लोक टिकलेत असं माझं मत आहे.

वेळ दुपारची ठेवा. आम्ही सुरुवातीला सकाळी नऊची ठेवली होती, शिस्त म्हणून. रात्रीच्या गोळ्या घेणाऱ्याला सकाळी नऊ म्हणजे पहाट. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन घेतलेल्या माणसाचं डोकं अकरापर्यंत ओल्या गोधडीसारखं जड असतं. तीन ते साडेचार ठेवली आणि पाटणकडच्या लोकांना परतीची एसटीही मिळायला लागली.

लोक कसे येतात? बोर्ड लावून येत नाहीत. आम्ही एकदा लावला होता. त्याखाली उभं राहून पोरांनी एकमेकांचे फोटो काढले, बाकी काही झालं नाही. येतात ते चिठ्ठीवरून. परिसरातल्या मानसोपचारतज्ज्ञांना आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाऊन भेटा आणि पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या चिठ्ठ्या द्या: वार, वेळ, पत्ता, एक मोबाइल नंबर, आणि ‘फी नाही, डॉक्टर नाही’ ही ओळ. काही डॉक्टर चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये टाकतील. दोन महिन्यांनी पुन्हा जा.

आम्ही सुरुवातीला दोघंच होतो, मी आणि एक निवृत्त मास्तर. चार शनिवार आम्ही दोघंच बसलो. वेळ संपेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून मास्तरांनी माझ्या पदरात बुद्धिबळातली बरीच नाचक्की घातली. पाचव्या शनिवारी जिन्यातून एक बाई डोकावल्या. डोक्यावर पदर, हातात फाइलची पिशवी.

“हितं डाक्टर कवा येत्यात?”

“डॉक्टर येत नाहीत, मावशी. आम्ही सगळे पेशंटच आहोत.”

त्यांनी माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं. “पर तुमी तर बरं दिसताय.”

“गोळी घेतो म्हणून दिसतो,” मास्तर म्हणाले.

मावशी काही बोलल्या नाहीत. खाली गेल्या आणि रिक्षात बसवून ठेवलेल्या मुलाला घेऊन वर आल्या.

त्या मुलाने पहिल्या दिवशी एक शब्द उच्चारला नाही. चहा आला. कप-बशी हातात घेतली आणि बशी वाजायला लागली. लिथियमने हात थरथरतात, काही इतर गोळ्यांनीही. शांत खोलीत तो आवाज किती मोठा होतो ते अनुभवलेल्यालाच कळेल. त्याने कप खाली ठेवला आणि हात मांडीखाली घेतले. मास्तर उठले, सगळ्यांच्या बश्या गोळा करून नेल्या, आणि स्टीलच्या पेल्यांत अर्धा-अर्धा चहा ओतून आणला. सगळ्यांना अर्धाच, स्वतःलाही. म्हणाले काहीच नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे चहा अर्धा पेला असतो, हवा तर दोनदा घ्या. तुमच्या यादीत स्टीलचे पेले पहिले लिहा, फ्लेक्स शेवटी. खरं तर फ्लेक्स लिहूच नका.

बैठकीची रीत साधी ठेवा. सुरुवातीला एकजण चार वाक्यं वाचतो: इथलं इथेच राहील, जिवाला धोका असेल तेवढा अपवाद, कुणी कुणाची गोळी बदलायची नाही, कुणी कुणाला काही विकायचं नाही, बोलायचं नसेल तर ‘पुढे’ म्हणायचं. मग फेरी, प्रत्येकाला चार मिनिटं. आम्ही स्वयंपाकघरातला टायमर वापरतो, कारण माणसाने थांबवलं तर राग येतो, टायमरचा येत नाही. बायपोलरच्या तेजीत असलेला माणूस आणि महिनाभर घरात कुणाशी न बोललेला माणूस एकाच गोलात बसतात, तिथे घड्याळाशिवाय न्याय होत नाही.

वाक्य ‘मी’ने सुरू करा. ‘तू व्यायाम कर’ चालत नाही. ‘मी संध्याकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालत जातो, दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी जावंसं वाटत नाही’ हे चालतं. विकायचं नाही हा नियम गमतीचा वाटेल, पण साखळी योजनेतली पावडर विकणारे आमच्याकडे तीनदा येऊन गेले. आजारी माणसाच्या घरचे काहीही विकत घेतात, हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं.

बोलणारं कुणी नसताना आवाज ऐकू येणारे लोक गटात आले की नवखा चालक गडबडतो. ‘असं काही नसतं हो’ म्हणून मोकळा होतो. मीही झालो होतो. हॉलंडमध्ये पॅट्सी हाखे नावाच्या पेशंटने आपल्या डॉक्टरांना, मारियस रोम यांना, आपल्या आवाजांबद्दल गांभीर्याने बोलायला भाग पाडलं. १९८७ साली दोघं टीव्हीवर गेली आणि आपल्यालाही आवाज येतात असं सांगणाऱ्या शेकडो लोकांचे फोन आले. त्यातून आवाज ऐकणाऱ्यांचे गट उभे राहिले. आम्ही त्यातलं एवढंच घेतलंय, की आवाज खरे की खोटे यावर गटात वाद घालायचा नाही. कधी येतात, काय केल्यावर कमी होतात, हे विचारायचं. आमच्यातल्या एकाला भांडी घासताना येत नाहीत. त्याच्या घरची भांडी चकचकीत असतात.

विषय शोधावे लागत नाहीत. पण काही गोष्टी चालकाने स्वतः काढाव्यात, कारण त्या दवाखान्यातल्या दहा मिनिटांत राहून जातात. लिथियमवाल्यांना उन्हाळ्याआधी आणि आषाढी-श्रावणाच्या उपासांआधी आठवण करा: पाणी कमी पडलं, मीठ एकदम तोडलं, जुलाब-उलट्या झाल्या की लिथियम रक्तात साठतं. गुडघा दुखला म्हणून दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेनसारखी गोळीही तेच करते. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरू लागले, चाल अडखळली, जीभ जड झाली, तर पुढच्या शनिवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी करायची असते. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये जाणारे आमच्यात पाच जण निघाले.

फिट्सवाल्यांना गणपती-नवरात्राची जागरणं जड जातात. आमच्या एका बैठकीतच एकाला फिट आली. तीन जण तीन दिशांनी धावले. एकाने त्याच्या मुठीत वाचनालयाच्या किल्ल्यांचा जुडगा कोंबला, एकाने चप्पल काढली, एकजण कांदा आणायला जिना उतरला. किल्ली, चप्पल, कांदा, कशानेच काही होत नाही. करायचं ते असं: डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, चष्मा काढा, आजूबाजूची खुर्ची हलवा, तोंडात काहीही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ बघा, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर रुग्णवाहिका, १०८. त्याची दोन मिनिटांत थांबली. उठल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, “ह्या किल्ल्या कुणाच्या?”

लग्नाचा विषय टाळता येत नाही. ‘लग्न झालं की सुधारेल’ हे वाक्य आमच्यातल्या प्रत्येकाने ऐकलंय. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा १९९९ पर्यंत लग्नाच्या आड येणारा आजार होता. दुरुस्तीत तो शब्द निघाला, लोकांच्या डोक्यातून अजून निघायचाय. गटाचं मत एकच: लपवून करू नका. कुणी कुणाशी करावं यात मात्र गटाने पडू नये.

अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डाचंही तसंच. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार येतो, आणि बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांचा दाखला लागतो. घ्यावं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. गटात फक्त कार्ड काढून आलेल्या माणसाने कुठल्या खिडकीवर काय कागद लागले ते सांगावं.

नातेवाइकांना वेगळं बसवा. पहिल्या वर्षी ते आमच्यातच बसायचे आणि मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आई द्यायची. आता ते खाली वाचनकक्षाच्या व्हरांड्यात बसतात. मावशी त्यांच्या पुढारी आहेत. दर तिसऱ्या महिन्यात एकदा सगळे एकत्र. डॉक्टरांना वर्षातून दोनदा बोलवा. गोलातच बसवा, खुर्ची पुढे मांडू नका, अर्ध्या तासाने चहा देऊन निरोप द्या.

कुणी म्हणालं, ‘आता जगणं नको झालंय’, तर टायमर बंद करा. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्याने विचार येत नाही, उलट सांगायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं घरी पाठवू नका. घरच्यांना आणि त्याच्या डॉक्टरांना त्याच्यासमोर फोन लावा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आमच्याकडे तो भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिलाय, म्हणजे घाईच्या वेळी कुणाच्या मोबाइलमध्ये शोधावा लागत नाही.

पैशांसाठी एक डबा ठेवा. ज्याला जमेल त्याने दहा रुपये टाकावेत, मोजायचे नाहीत. नोंदणी, अध्यक्ष, सचिव यांच्या मागे पहिली तीन वर्षं लागू नका. संस्था नोंदवायला सात माणसं लागतात, आणि ती सात जमली की पदांसाठी भांडायला आठवं लागत नाही. देणगी घ्यायची, भाड्याची जागा घ्यायची वेळ आली की मग धर्मादाय कार्यालयाची पायरी चढा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-कोयनेला महापूर आला. रस्ते बंद, त्यात माझ्या गोळ्या संपल्या. चार-पाच दिवस चुकल्या, आणि मला ते बरंच वाटलं. कपडे, भाकरी, चटया गोळा करत मी दिवसाचे वीस तास फिरत होतो. सगळे म्हणत होते, काय माणूस आहे! तेजी चढत असताना आजूबाजूला खरंच संकट असलं की आजार कुणाला दिसतच नाही. तो सत्कार घेत फिरतो. पूर ओसरला, मी ओसरलो नाही. गटाचा मोठा मेळावा भरवायचा म्हणून मंगल कार्यालयाला पंधरा हजार आगाऊ दिले, दोन हजार हँडबिलं छापली. आणि एका रात्री अडीच वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर एकशे चाळीस लोकांचा ग्रुप काढला. त्यात पत्रकार होते, बँकेतले लोक होते, आणि गटातल्या प्रत्येकाचा नंबर होता. ग्रुपचं नाव काय ठेवलं होतं ते इथे लिहायची माझी हिंमत नाही.

सकाळपर्यंत ज्याला ज्याला कळायला नको होतं त्याला त्याला कळलं होतं. गटातली एक मुलगी नुकतीच नोकरीला लागली होती. तिच्या ऑफिसातला एकजण त्या ग्रुपमध्ये होता. ती पुन्हा कधी आली नाही. तीन महिन्यांनी, बरा झाल्यावर, मी माफी मागायला फोन केला. तिने उचलला नाही. तिचं बरोबर होतं.

पेशंटने चालवलेल्या गटात चालक कधी ना कधी आजारी पडणारच. पडला तर काय, असं म्हणू नका. पडणार, असं धरून मांडणी करा. आमची आता अशी आहे.

जागेची किल्ली दोघांकडे. डबा तिसऱ्याकडे. पाचशेच्या वरचा खर्च बैठकीत विचारल्याशिवाय नाही, खिशातला असला तरी नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नाही. निरोप ब्रॉडकास्टने जातो, त्यात एकाला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो, बाकीच्यांना फोन करावा लागतो. रात्री नऊनंतर गटाच्या कामाचा मेसेज आला, तर ज्याने पाठवला त्याला दुसऱ्या दिवशी कुणीतरी भेटायला जायचं. मेसेज कितीही शहाणा असला तरी जायचं.

आणि प्रत्येकाचा एक कागद. आपण बिघडायला लागलो की काय दिसतं, ते बरे असताना आपल्या हाताने लिहायचं, आणि ‘थांब’ म्हणायचा हक्क कुणाला ते नाव घालायचं. माझ्या कागदावर आहे: रात्री अकरानंतरचे फोन, लोकांना न मागता पैसे देणं, आणि ‘मला झोप लागतच नाही, गरजच नाही’ हे वाक्य. नाव मास्तरांचं. याचं कायदेशीर रूपही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, पुढे आजारी पडलो तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि आपल्या वतीने कोण बोलेल, हे आधीच लिहून ठेवायचा हक्क प्रत्येक सज्ञान माणसाला दिलाय. ते काम वकिलाच्या मदतीने करा. गटातला कागद मात्र या शनिवारीच लिहा, त्याला दोन पेनं आणि वीस मिनिटं लागतात.

२०२२ च्या पावसाळ्यात मास्तर माझ्या घरी आले, चहा घेतला, आणि तो कागद माझ्यासमोर ठेवला. मी तासभर वाद घातला. मग माझ्या बायकोने डॉक्टरांची वेळ घेतली. गटाने मला चार शनिवार सुट्टी दिली. म्हणजे यायचं, बसायचं, पण चालवायचं नाही. परत आलो तेव्हा किल्ली मिळाली नाही, चहाचं काम मिळालं. ते अजून माझ्याकडेच आहे. किल्ली आता तीन-तीन महिन्यांनी हात बदलते. सध्या एक पाटणहून येणाऱ्या ताईंकडे आहे आणि दुसरी त्या मावशींच्या मुलाकडे. दोघांची एसटी एकाच दिवशी चुकली, तर आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर बसून फेरी सुरू करतो.